अप्पांच्या टाचांमागून स्पिंक

मला सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ट्रेकिंगच्या बुटांना एवढ्या लांब नाड्या का देतात? एकशेतीस युरो मोजून घेतलेल्या माझ्या बुटांच्या नाड्या एकमेकींना जोडल्या, तर बाल्कनीत आठवड्याचे कपडे वाळत घालता येतील. दुहेरी गाठ मारा, तिहेरी मारा, दर दोनशे पावलांना सुटतात. यावर एखादी चौकशी समिती बसायला हवी. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी ग्लेंडलॉकच्या डोंगरावर मी जो पुन्हापुन्हा थांबत होतो तो या नाड्यांमुळेच, असं मी बराच काळ सांगत होतो. तेव्हा तक्रार लक्षात असू द्या.

मुळात आम्ही निसर्ग बघायला गेलोच नव्हतो. परीक्षा द्यायला गेलो होतो. माझी नव्हे, अप्पांची.

अप्पा म्हणजे माझे सासरे. लांज्याकडच्या आठ-दहा वाड्यांमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं पायी टपाल वाटलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, इथे परदेशात सँडीफोर्डला आले आणि त्यांच्यामागे जगाने दार लावून घेतलं. तीन महिन्यांचे अठरा झाले. मागच्या गणपतीत त्यांचं गावचं घर बंद राहिलं. सासूबाई आधीच गेलेल्या, माझी बायको मेधा एकुलती एक, त्यामुळे मूर्ती आणायला कोणी नव्हतं.  अप्पा चतुर्थीला दिवसभर बाल्कनीत बसून राहिले आणि जेवले नाहीत.

यंदा दोन्ही डोस झाले, विमानं सुरू झाली, आणि अप्पांनी गणपतीला घरी जातो म्हणून सांगितलं. मेधाने नाही म्हणून सांगितलं. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. घर ओढ्यापलीकडे चढावर, बाप एकटा, वय एकाहत्तर आणि उजवा गुडघा कुरकुरणारा. मेधा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे कुकरची नवी रिंगसुद्धा चाचणीशिवाय पास होत नाही. आठवडाभराच्या धुसफुशीनंतर तिने बापासाठीही चाचणी ठरवली: ग्लेंडलॉकच्या स्पिंक कड्यावरची पांढऱ्या बाणांची वाट, नऊ किलोमीटर, सहाशेच्या वर लाकडी पायऱ्या, मुदत चार तास. पास झाले तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट. नाही तर पुढच्या वर्षी बघू.

साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली. कारण आमच्या सईचा पाय कमोगी खेळताना मुरगळला होता. कमोगी म्हणजे काठ्या घेऊन एकमेकींवर धावून जाण्याचा इथला मुलींचा खेळ. त्यामुळे मायलेकी खाली तळ्याकाठी थांबणार होत्या.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. सँडीफोर्डहून एन-इलेव्हन महामार्गाला लागायचं, किलमॅकॅनोगला वळायचं, मग राउंडवुड आणि लारा. तासाभराचा रस्ता. वरच्या तळ्याच्या पार्किंगला चार युरो पडतात. ऊन असलेल्या शनिवारी नऊनंतर पोचलात, तर गाडीतूनच डोंगराला नमस्कार करून परत यायचं. स्वच्छतागृह तिथेच उरकून घ्या, वर फक्त निसर्ग आहे. आणि चिलटांसाठी काहीतरी फासून जा. इथली चिलटं दिसत नाहीत, ती फक्त जाणवतात.

बरोबर नऊला मेधाने घड्याळ लावलं. माझ्या अंगावर वॉटरप्रूफ जॅकेट, वॉटरप्रूफ पँट, पाठीवर पाण्याची नळीवाली सॅक. अप्पांच्या अंगावर मरून स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात लांब काळी छत्री. पुऱ्यांचा डबाही त्यांच्याकडेच होता, कारण माझ्या सॅकमध्ये सामानामुळे जागा उरली नव्हती.

सुरुवात पोलानासच्या घळीतून होते. घळ इतकी अरुंद की दोन्ही बाजूंचे कातळ एकमेकांच्या कानात बोलत असावेत. मधून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी टप्प्याटप्प्याने कोसळतं, आणि ओक वृक्षांवर शेवाळ असं चढलेलं, की खोड कुठे संपलं ते कळू नये. आवाजामुळे बोलता येत नाही, तेही बरंच. अप्पा कठड्याशी क्षणभर थांबले, पाण्याकडे बघून हात जोडले आणि चालू लागले.

मग पायऱ्या. रेल्वेचे जुने स्लीपर टाकून केलेल्या, सरळ वर जाणाऱ्या, मध्ये कुठेही दया नसलेल्या. अप्पांची चाल टपाल्याची आहे. चढ असो, उतार असो, तिला फरक पडत नाही. दीडशे पायऱ्यांनंतर मी नाडी बांधायला थांबलो. तीनशेला दुसरी नाडी. चारशेला, खरं सांगायचं तर, दोन्ही बांधलेल्या होत्या.

आणि मग जंगल संपलं. एका पावलात. डाव्या हाताला हेदरच्या जांभळ्या झुडपांनी भरलेला माळ, आणि उजव्या हाताला काहीच नाही. म्हणजे होतं, पण खूप खाली. काळं, लांबलचक तळं, त्याच्या पलीकडे उभा डोंगर, ढगांच्या सावल्या त्या डोंगरावरून सरकताहेत, आणि खाली काठावरची माणसं तिळाएवढी. हिमनदीने हजारो वर्षं बसून ही दरी कोरली म्हणतात. मी गप्प झालो. माझ्याबाबतीत ही बातमी आहे.

इथून पुढे फळीवाट सुरू होते. दलदल तुडवली जाऊ नये म्हणून दोन-दोन स्लीपर शेजारी टाकून, वर जाळी ठोकून केलेली, एका माणसापुरती. ती कड्याच्या अंगाने वळत जाते. अप्पा निघाले. मी वीसेक पावलं गेलो, एकदा उजवीकडे बघितलं, आणि खाली बसलो. नाडी बांधायला.

पुढचा पाऊण तास मी नाडी बांधत होतो.

ऑफिसात पाचव्या मजल्याच्या काचेशी मी कॉफी पितो. इथे काच नव्हती. दोन्ही हातांनी जाळी मुठीत धरलेली. बाजूने लोक जात होते, लहान मुलं जात होती, एक कुत्रा तर माझ्या अंगावरून गेला. त्याची मालकीण सत्तरीची, गुलाबी टोपीतली. तिने लांब उभ्या असलेल्या अप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“युअर मॅन इज ग्रँड,” ती म्हणाली. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत. “आर यू ऑलराइट युअरसेल्फ, लव्ह?”

मी नाडीकडे बोट दाखवलं. तिने फार सभ्यपणे नाडीकडे बघितलं.

अप्पा परत आले आणि शेजारी टेकले.  डबा उघडून तिखटमिठाची पुरी माझ्या हातात दिली आणि ओढ्यावरच्या साकवाबद्दल सांगत बसले. दरवर्षी पावसाआधी वाडीतली सगळी घरं मिळून तो बांधतात. पोफळीची खोडं, बांबू, काथ्याच्या गाठी. प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा. अप्पांच्या घराचा माणूस दोन वर्षं गेला नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी टपालाची पिशवी गळ्यात घालून तेही तिथे मधोमध असेच बसले होते, खाली लोंढा, आणि पिशवीत कुणाची तरी मनीऑर्डर.

“मग?”

“मग काय, म्हातारा पोस्टमास्तर आला पलीकडून. म्हणाला, पाणी बघू नको, माझ्या टाचा बघ.”

मग त्यांनी वाकून माझ्या नाड्या सोडल्या, दोन वेढे जास्तीचे घेतले, कुठूनसं टोक ओवलं आणि गाठ करकचून आवळली. सासऱ्याने बुटाला हात लावू नये म्हणून मी पाय ओढायला गेलो, तर म्हणाले, “गप बसा, जावईबापू. साकवाची गाठ आहे. आता थांबायला कारण नाही.”

त्यांनी छत्रीचं टोक काखेत धरलं आणि वळलेली मूठ मागे माझ्या हातात दिली. अशी आमची वरात निघाली. लोक लांबून विमानाने येऊन जे दृश्य बघतात, ते मी अर्धा तास कॅनव्हासच्या दोन पांढऱ्या टाचांच्या रूपात बघितलं. डावी टाच झिजलेली आहे. उजवा पाय ते किंचित बाहेर टाकतात. पण एकदाही अडखळले नाहीत.

वाट जिथे रुंद होते तिथे ते थांबले. “आता बघा,” म्हणाले.

बघितलं. वारा खालून वर येत होता, तळ्याचा रंग बदलला होता, आणि एक ससाणा आमच्या पायांखाली उडत होता. पायांखाली. आयुष्यात पहिल्यांदा मी पक्ष्याची पाठ बघितली. भीती होतीच, पण ती आता एकटी नव्हती. अप्पा बराच वेळ छत्रीवर रेलून उभे राहिले. “ह्याच्यासाठी अडकलो होतो दीड वर्ष,” म्हणाले, “असं सांगेन वाडीत.”

पुढचं सोपं आहे. उतार, लाकडी पूल, हरणांचा कळप, शिशाच्या जुन्या खाणीचे पडके दगड, मग तळ्याकाठची सपाट वाट. खाली पोचलो तेव्हा दोन वाजले होते. मेधा घड्याळ हातात घेऊन उभी होती.

“पाच तास, अप्पा.”

मी तोंड उघडणार, एवढ्यात अप्पा म्हणाले, “वय झालं, बाय. बसत बसत आलो.” आणि माझ्याकडे न बघता सईच्या हातातला चिप्सचा द्रोण घेतला. सई म्हणाली, “यू आर ग्रँड, आजोबा.” जावयाला त्याच्या बायकोपोरीसमोर उघडं पाडायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्यासाठी त्यांनी आपला गणपती पुढच्या वर्षावर ढकलला, चिप्स खाता खाता.

आणि मी काय केलं? गाडी चालवली. लारा गेलं, राउंडवुड गेलं, मी रस्त्यावर लक्ष ठेवून होतो. मागे अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते.

संध्याकाळी पिंडऱ्या पेटल्या होत्या, मानेवर चिलटांच्या गांधी उठल्या होत्या आणि डोळे मिटले की ससाण्याची पाठ दिसत होती. दारात बूट काढायला बसलो. नाडी सुटेना. साकवाची गाठ, तिची बांधणी लोंढ्याच्या हिशोबाने. शेवटी बूट तसाच ओढून काढला. स्वयंपाकघरात मेधा वरणाला फोडणी देत होती. मी दार लोटून घेतलं.

“मेधा, तो एक तास माझा होता.”

“म्हणजे?”

“फळ्यांवर मी बसलो होतो. घाबरून. अप्पा मला छत्रीला धरून घेऊन आले. त्यांना चार तासही लागले नसते.”

ती हसेल म्हणून मी तयारीत होतो. ती हसली नाही. गॅस बंद करून तिने लॅपटॉप ओढला.

“त्यांचा पासपोर्ट कुठे आहे?”

हॉलमधल्या कपाटात, वरच्या फळीवर. मी जाऊन आणून दिला.