निंदणाऱ्या बायांची नावं

बायकोची सहा वर्षांची मेहनत मी माझ्या एका फोटोपायी घालवली होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

ती साखरखेर्ड्याच्या शाळेत मराठी शिकवायची, मी गणित. पावसाळ्यात शाळा सुटली की ती आसपासच्या वावरांत जायची आणि ओळीनं पात धरून निंदणाऱ्या बायांच्या मागे मागे फिरायची. त्या उपटून टाकतील त्या प्रत्येक तणाचं नाव विचारायची. तरोटा, केना, चिवळ, पाथरी. वहीत नावापुढे त्याचा उपयोग, आणि शेवटच्या रकान्यात ते सांगणाऱ्या बाईचं नाव. सगळ्यांत जास्त तणं एका म्हातारीनं ओळखून दिली होती. तिची अट एकच होती. "बाई, पुस्तकात माह्यं नाव टाकजा बरं." तिच्या सोबतीनं निंदणाऱ्या दोघी मधल्या काळात वारल्या. त्यांना आता काही विचारता येणार नव्हतं.

सगळं लॅपटॉपवर टाइप झाल्यावर वह्या मीच रद्दीत दिल्या. घरात पसारा नको, हे माझं नेहमीचं तुणतुणं.

मग पुतण्याचं लग्न झालं. फोटोंचा पेनड्राइव्ह भावकीतली चार घरं फिरून आमच्याकडे आला. फेट्यातला माझा एक फोटो झकास आलाय, असं कानावर होतं. रविवारी ती बाजारात गेल्यावर मी तो तिच्या लॅपटॉपला लावला. कसलीशी सूचना आली, ती मी न वाचताच बंद केली. फोटोंच्या फोल्डरवर बारकासा बाण दिसत होता. क्लिक केलं तर काहीच उघडेना. गणिताच्या मास्तरला हार मानायची सवय नसते, म्हणून आणखी आठ-दहा वेळा केलं.

संध्याकाळी लॅपटॉप सुरूच होईना. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीची एक ओळ.

"आपोआप बिघडला असेल," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भाजी निवडायला घेतली. भांडली असती तर बरं झालं असतं.

गावातल्या मोबाइलवाल्यानं मिनिटात निकाल दिला. "विंडो मारून देतो सर, नवा कोरा होईन." जुनं विंडोज पुसून नवं टाकायचं, आमच्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. मी हो म्हणणारच होतो. पण बायकोनं विचारलं, "आतलं सगळं राहील ना?" तेव्हा तो डोकं खाजवायला लागला. तिनं लॅपटॉप उचलून पिशवीत घातला.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही एसटीनं देऊळगाव राजाला गेलो. तिथं बाजाराच्या रस्त्यावर एका चाचांचं दुकान होतं. चाचा आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आणि आता कॉम्प्युटर. लॅपटॉपला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "पेनड्राइव्ह कोनं लावला होता?"

मी वर पंख्याकडे बघत राहिलो.

"सर, डॉक्टरपासून अन् माह्यापासून लपवू नोका. काय झालं ते समजलं तरच इलाज होते."

मग सगळं सांगितलं, फेट्यासकट. बायको शांतपणे म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही पेनड्राइव्ह काढायलाच विसरला होतात." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चाचांनी विंडो मारली नाही. लॅपटॉप उघडून त्यातली डिस्क बाहेर काढली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. व्हायरस साफ करत, लपलेल्या फाइली हुडकत ते दोन तास बसले होते. "कॅसेट अडकली तं कॅसेट तोडत नाही आपुन," ते मध्येच म्हणाले. अखेर तिची फाइल सापडली. उघडली, तर पडद्यावर नुसती परकी अक्षरं, टिंबं, उलटी प्रश्नचिन्हं. मराठीचा मागमूस नाही.

चाचांचा चेहरा उतरला. "ताई, फाइल तं आली, पण आतलं सारं खराब झालं वाटते."

रद्दीवाल्याला दिलेल्या वह्या डोळ्यांपुढे नाचू लागल्या. बायको मात्र खुर्ची ओढून पडद्याशी जाऊन बसली. ओळीमागून ओळ निरखत खाली गेली. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. हीच चिन्हं, याच क्रमानं, पुन्हा पुन्हा खाली आलीत. इतक्या वेळा एकच नाव आहे माझ्या तक्त्यात. हे तिचं नाव आहे."

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! मजकूर जित्ता हाये ताई! खराब असता तं चिन्हं अशी जुळली नसती. माह्या मशीनवर तुमचा मराठी फॉन्टच नाही!"

समोर लग्नपत्रिका छापणारी प्रेस होती. चाचा स्वतः रस्ता ओलांडून गेले आणि फॉन्टची सीडी घेऊन आले. "पेनड्राइव्हमंधी नाही आनला," माझ्याकडे बघत म्हणाले. थोड्या वेळानं पडद्यावर पहिला शब्द उमटला, तरोटा. बायकोला रडू फुटलं. चाचांनी चहा मागवला. मी त्यांचे दोन्ही हात धरले, पण आभाराचा एक शब्द तोंडून निघेना. अजूनही देऊळगाव राजावरून जाताना मी मनातल्या मनात ते आभार मानतो.

त्याच प्रेसमध्ये आम्ही एक पान छापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या घरी गेलो. तिला वाचता येत नव्हतं.

"कुठं हाये मी?"

बायकोनं तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

"अन् त्या दोघी?"

बायकोनं ते बोट जरासं खाली सरकवलं. एकीचं नाव, त्याखाली दुसरीचं. म्हातारीनं बोट तिथंच ठेवलं.

"तिघी एकाच पातीत बसत होतो निंदाले," ती म्हणाली. "आता बी संगच हावो."

मग तिनं कागदाची घडी घालून ती पदराच्या टोकाला बांधली. आम्ही तो परत मागितला नाही. चाचांच्या कृपेनं आम्हाला दुसरा छापता येणार होता.