बाबांनी धरून ठेवलेली जागा

गुरुग्राममधल्या कंपनीने मला काढून टाकलं तेव्हा मी पंचेचाळिशीत होतो. ‘काढून टाकलं’ हे शब्द तोंडातून निघायला मला कितीतरी महिने लागले. आधी मी ‘ब्रेक घेतलाय’ म्हणायचो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी भेटलं की फोन कानाला लावायचो आणि पलीकडे कुणी नसताना ‘हां हां, बिल्कुल, अभी भेजता हूँ’ म्हणायचो. बायको तिच्या नोकरीवर जायची. घरात उरायचो मी आणि दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयाच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले माझे बाबा. त्यांना निदान पेन्शनर म्हणता यायचं. मला काय म्हणायचं, हा प्रश्नच होता.

बाबांनी तरुणपणी एक परीक्षा दिली, दिल्लीला आले आणि साठीपर्यंत एकाच खात्यात राहिले. नोकरी शोधणारा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे त्यांना कळत नसे. मी लॅपटॉपसमोर बसलो की ते टीव्हीचा आवाज बारीक करायचे. त्या समजूतदारपणाचीही मला चीड यायची.

एक दिवस ते म्हणाले, “चल, करोल बागेत जाऊन येऊ. गलाईवाल्या शेठना माणूस हवाय.”

गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. सांगलीकडची मराठी माणसं ते करोल बागेत पिढ्यान्‌पिढ्या करत आहेत. हे शेठ गणपतीच्या मंडळामुळे बाबांच्या ओळखीचे. अरुंद जिना चढून आम्ही वर गेलो. ॲसिडचा वास नाकात भरला होता. शेठनी चहा मागवला.

“आमाला घरचं मानूस पायजे,” ते म्हणाले. “सोन्याचा धंदा हाय, कुनालाबी आत बसवून चालत न्हाई. हिशेब बघायचं, बँकेत न् टॅक्सच्या हापिसात जाऊन बोलायचं.”

मग त्यांनी पगार सांगितला. मला हसू आलं. ते मी दाबलं, पण बाबांनी पाहिलं.

आमच्या गुरुग्रामात मुलाखतीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘लास्ट ड्रॉन किती?’ म्हणजे शेवटचा पगार. नवा पगार त्यावरूनच बेततात. एकदा खाली उतरलात की पुढचा प्रत्येक जण तुम्हाला तिथूनच मोजणार. म्हणून स्वस्तात काम करण्यापेक्षा घरी बसलेलं परवडतं. हे गणित मला पाठ होतं.

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो.

बाबांनी शेठपुढे हात जोडले. “थोडे दिवस द्या त्याला,” म्हणाले. साहेबाकडे रजा मागतानाही ज्यांनी आवाज खाली केला नव्हता, ते हे बोलत होते. माझ्या कानशिलापर्यंत शरम चढली. परत येताना मेट्रोत मी त्यांना लास्ट ड्रॉनचं गणित समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि “अच्छा” म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारी ते इस्त्रीचा बुशशर्ट घालून, डबा घेऊन दारात उभे.

“तू कर विचार. तोवर मी जाऊन बसतो, नाहीतर ते दुसऱ्याला घेतील. तू आलास की मी उठेन.”

आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा त्यांच्या ऑफिसला चार्टर्ड बस जायची. बाबा पहिल्या स्टॉपवर चढायचे आणि पुढच्या स्टॉपवरच्या मित्रासाठी शेजारी रुमाल टाकायचे. त्या रुमालावरून ते लोकांशी हमरीतुमरीवर यायचे. मित्र आला की रुमाल खिशात. आता तसेच ते माझ्यासाठी निघाले होते, सत्तरी ओलांडून, दोन मेट्रो बदलून.

गेटवरचा गार्ड कौतुकाने ओरडायचा, “अंकलजी, इस उमर में भी ड्यूटी?” ते ऐकू आलं की मी बाल्कनीतून आत सरकायचो. संध्याकाळी बाबा दमून यायचे, पण बोलायचे मात्र भरभरून. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि वाटतो म्हणून स्वतःची किळस यायची. मधल्या काळात माझ्या तीनचार मुलाखती झाल्या. लास्ट ड्रॉन ऐकला की समोरचा गोड हसायचा आणि ‘कळवतो’ म्हणायचा. ज्या आकड्याला मी जपत होतो तोच मला दारात अडवत होता.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी मी म्हणालो, “बाबा, विचार झाला माझा. उद्यापासून मी जातो.”

ते बूट काढत होते.

“मी विचारलं होतं रे शेठना. म्हटलं, आता मुलगा येईल. ते म्हणाले, तुम्हीच राहा काका. मुलगा मोठ्या कंपनीतला, आज येईल, उद्या जाईल.” मान वर न करता ते पुढे म्हणाले, “मी पुन्हा बोलून बघतो. माझं चुकलंच. तुझ्या जागेवर बसून राहिलो.”

माझा म्हातारा बाप नोकरी टिकली म्हणून माझी माफी मागत होता. लाजेने मला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी त्यांचा डबा मी भरला आणि त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला निघालो. गेटवर गार्डने विचारलं, “साहब, आज आप भी ड्यूटी पे?”

हात सवयीने फोनकडे गेला. तो मी खिशातच राहू दिला.

“नहीं,” मी म्हणालो, “सिर्फ अंकलजी.”