गप्प झालेली गाडी
परवा शेजाऱ्यांच्या नव्या गाडीत बसले आणि सीटवरच्या प्लास्टिकचा वास नाकात शिरताच मी आधी पट्टा ओढून लावला. आमचीही गाडी अशीच कोरी होती, पहिलीच फेरी कणकुंबीच्या देवीला. पुढे मी, मांडीवर दहा महिन्यांची लेक. मी पट्टा लावला नव्हता म्हणून गाडी सारखी टिंगटिंग करत होती. मागून सासूबाई म्हणाल्या, "पट्टा पाठीमागनं अडकव की गं, पुढनं लावलास तर पोरीला टोचंल." नवरा हसला, "सहा एअरबॅगा हाईत, काय होतंय?" आमच्याकडे सगळेच तसं करतात, मीही पट्टा पाठीमागून खटकन अडकवला. गाडी गप्प झाली. जांबोटीच्या पुढे दाट झाडी, ओला रस्ता, आणि वळणावर अचानक आडवा उभा गवा. नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला. लेक हातातून निसटली. डॅशबोर्डावर आपटायच्या आत तिचं झबलं कसंबसं माझ्या मुठीत आलं. "देवीनंच राखलं गं बाई," सासूबाई पुटपुटल्या. गाडी मात्र गप्पच होती. सगळं ठीक आहे असं आम्हीच तिला पटवून ठेवलं होतं. आता लेक मागे तिच्या खुर्चीत, पट्ट्यात बसते, मी तिच्या शेजारी. तरी गाडी गप्प झाली की तिच्या फ्रॉकचं टोक मी मुठीत धरते.