सारंगाचं स्क्रॅपबुक

माझ्या क्लासला पुरुष येत नाहीत. मी काही बंदी घातलेली नाही, पण येत नाहीत. मारुती मंदिरच्या मागच्या बाजूला माझं घर, पुढच्या पडवीत दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि दोरीवर टांगलेले आकाशकंदील. राख्या, रुखवत, कागदी फुलं हे माझं जुनं दुकान. हल्ली कॉलेजच्या पोरींना स्क्रॅपबुक हवं असतं, म्हणून तेही शिकवते. म्हणजे फोटो नुसते अल्बममध्ये खुपसायचे नाहीत. कापायचे, रंगीत कागदावर मांडायचे, सजवायचे आणि बाजूला दोन ओळी लिहायच्या. गणपती झाल्यावर एका दुपारी महिपत पिलणकर पायरीशी चपला काढून उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, मुलीच्या रुखवताची चौकशी करायला आले असतील.

"रुखवताचं नंतर बघू, गोदाबाई," ते म्हणाले. "मला ते स्क्रॅपबुक शिकवा."

मी फटकळ आहे, हे आमच्या आळीत कुणाला सांगावं लागत नाही. मी सरळ विचारलं की, अहो, या वयात हे काय खूळ घेतलंत डोक्यात? त्यांनी राग मानला नाही. खुर्ची ओढली, बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. अर्धं मला माहीत होतंच.

महिपतराव उभं आयुष्य बोटीवर होते. साधा खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. बायको गंगा काविळीने गेली तेव्हा मुलगी वेदिका पहिलीत होती. हे तेव्हा कुठे ब्राझीलच्या बाजूला. घरी पोचेपर्यंत दिवसकार्य उरकलं होतं. मग मुलीला भाट्याला तिच्या मामाकडे ठेवलं आणि पुन्हा बोट पकडली. मामा हरिश्चंद्र नागवेकर आणि मामी मालन, दोघांनी पोरीला पोटच्या मुलीसारखं वाढवलं. बाप सुट्टीवर यायचा, बॅग भरून खेळणी आणायचा आणि पोर मामाच्या लेंग्यामागे लपायची. आता महिपतराव कायमचे उतरले, स्लॅबचं घर बांधलं, मुलीला घरी आणलं. ती राहते, दोन वेळचं करून घालते, बाबा बाबा म्हणते, पण पाहुण्यांशी वागावं तसं वागते.

तिचं लग्न ठरलं हेदवीच्या दीपकशी. बैठकीत भटजींनी विचारलं, कन्यादानाला कोण बसणार? विधुराला बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून बसता येतं, हे महिपतरावांनी आधीच विचारून ठेवलं होतं. ते तोंड उघडणार, तेवढ्यात वेदिका म्हणाली, मामा-मामी बसतील. कुणीतरी म्हटलं, अगो, बाप जिवंत आहे तुझा. तर ती म्हणाली, बाबा कधी होते? रागाने म्हणाली असती तरी चाललं असतं, असं महिपतराव मला म्हणाले. ती अगदी शांतपणे म्हणाली. मग सगळ्यांनी चहा घेतला आणि विषय तसाच राहिला.

"तिला दाखवायचंय मी कुठे होतो ते," ते म्हणाले. "डाव्या पानावर ती, उजव्या पानावर मी. ती शाळेत, मी सुएझला. ती आजारी, मी वादळात. बघेल, मग बोलेल माझ्याशी. एकदा तिच्या कन्यादानाला बसू दे मला, बाकी काही नको."

आता यावर फटकळ माणसाने तरी काय बोलायचं? मी सोमवारपासून या म्हटलं.

शिकताना मात्र त्यांनी माझा जीव खाल्ला. बोटीवरचा जाडजूड दोर वळवणारी बोटं, त्यात माझी ती नखाएवढी कात्री. डिंक लावायचे तर बोटीला रंग फासल्यासारखा, कागदाच्या चारी कडांनी बाहेर. दुहेरी चिकटपट्टी बोटाला गुंडाळून घेतली आणि ती सोडवायला दुसरा हात लावला तर तोही अडकला. पोरी तोंडावर ओढणी घेऊन हसायच्या. वैष्णवी म्हणून एक खट्याळ पोर आहे, तिने त्यांना सोनेरी चमकी वापरायला शिकवलं. हा गृहस्थ मिशीत चमकी घेऊन तसाच मासळी बाजारात गेला आणि कोळणीने विचारलं, काय हो सारंग, नवरी तुमची मुलगी की तुम्ही? दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगितलं आणि हसले. बरं, चिकाटी म्हणाल तर अशी की एक दिवस चुकला नाही.

फोटो त्यांच्याकडे पुष्कळ होते. पण आपल्याकडची हवा काय सांगायची, जुन्या अल्बमच्या चिकट पानांना फोटो असे घट्ट बसलेले की ओढले तर फाटणार. त्यांनी घरून गरीची तंगूस आणली, मासे धरायची ती नायलॉनची बारीक दोरी. दोन्ही हातांत ताणून धरून फोटोखालून सरकवत सरकवत एकेक फोटो अख्खा सोडवला. मी ते पोरींनाही दाखवलं. बुरशी आलेली कापसाने पुसली. मग मी त्यांना कापायला शिकवलं. फोटो जसाच्या तसा लावायचा नाही, हा पहिला धडा. ज्याच्यासाठी फोटो घेतलाय तेवढं माणूस ठेवायचं, आजूबाजूचं फालतू काढून टाकायचं, म्हणजे पान उठून दिसतं. मी सगळ्यांना हेच सांगते.

ते कापत गेले. मी आपली इकडे आकाशकंदिलांचे गोंडे, तिकडे कुणाची कागदी जास्वंद बघत फिरायची. संध्याकाळी केर काढताना एकदा टेबलाखालचे तुकडे हातात घेऊन बघितले. एकात चौकड्याच्या शर्टाचा खांदा. एकात अर्धा चेहरा, मिशी आणि एक डोळा. एकात नुसते दोन पाय आणि स्लीपर. सगळा मिळून एकच माणूस. हरिश्चंद्र नागवेकरांना मी चांगली ओळखते. नारळ संशोधन केंद्रात कामाला होते, नारळाची रोपं मीच त्यांना विचारून नेली होती. मी दुसऱ्या दिवशी महिपतरावांना म्हटलं, मामाला बरंच कापलंत हो. ते मान वर न करता म्हणाले, पुस्तक माझं आणि तिचं आहे, त्याचं नाही. चूक म्हणावी तर ती नव्हती. मी केर पाणी तापवायच्या बंबात घातला.

पण सगळंच कापता येईना. वेदिका पहिल्यांदा सायकलवर बसलीय, तर सीट धरलेला एक हात. समुद्रात उभी आहे, तर दंडाला हात. तापातून उठलीय, पाठीमागे उशीसारखा हात. तो कापायचा तर पोरीचाच दंड कापला जाणार. महिपतराव मला विचारायला आले. मी घाईत होते. म्हटलं, त्यावर काहीतरी चिकटवा की, स्टिकर लावा, फुलपाखरं आहेत बघा डब्यात. त्यांना ते फार पसंत पडलं. पानोपानी पोरीच्या खांद्यावर, दंडावर, पाठीवर निळी-पिवळी फुलपाखरं बसली. दिसायला खरंच छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता, आठ-दहा दिवस राहिले होते. पुस्तक पुरं झालं. घरी एकट्याने द्यायचा त्यांना धीर होईना. मला म्हणाले, ती आज मला न्यायला येणार आहे गाडी घेऊन, इथेच दाखवतो, तुम्ही असा. पोरी गेल्या होत्या. वेदिका आली, हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि माझी विचारपूस केली. मी म्हटलं, बाबांनी तुझ्यासाठी काय केलंय बघ. तिला आश्चर्य वाटलं. खुर्चीत बसली आणि पुस्तक मांडीवर घेतलं.

सुरुवातीची पानं तिने भराभर उलटली, मग हळूहळू. डावीकडे ती, उजवीकडे तेलाने माखलेले बाबा. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, या दिवशी बायचा वाढदिवस, आम्ही नांगर टाकून उभे, खूप आठवण आली. तिथे ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, मी पाहिलं. महिपतराव पुढे झुकून बघत होते. मला वाटलं, झालं काम, आता हा माणूस कन्यादानाला बसतो.

तेवढ्यात तिचं लक्ष सायकलच्या फोटोकडे गेलं. तिने आणखी एक पान उलटलं, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग एका फुलपाखराची कड नखाने उचलली आणि ते सोलून काढलं. खाली हात. दुसरं सोललं. तिथेही हात. तिसरं तिने सोललं नाही.

"मामाला कापलंत?" तिने विचारलं.

महिपतरावांनी माझ्याकडे बघितलं.  कापायला मी शिकवलं होतं, पण कोणाला कापायचं ते मी सांगितलं नव्हतं.

"फोटोत फक्त तू हवी होतीस मला," ते म्हणाले.

"बाबा, हे फोटो तुमच्यासाठीच काढलेत," वेदिका म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही सिंगापूरहून आणलेला कॅमेरा मामी धरायची. मी नीट उभी राहायची नाही, तर मामा मला धरून कॅमेऱ्याकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, तिकडे बघ, बाबा बघतायत. प्रत्येक वेळी. कोणी गावचा माणूस बोटीवर चढायला निघाला की पाकीट त्याच्याकडे द्यायला मामाच जायचा. या सगळ्या फोटोंत मी तुमच्याकडे बघतेय. त्यानेच बघायला लावलंय."

 महिपतरावांनी पुस्तक तिच्या मांडीवरून घेतलं, टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि पहिल्यापासून एकेक फोटो बघायला लागले. वर्षानुवर्षं हे फोटो या माणसाने बोटीतल्या बंकवर आडवं पडून बघितले होते, आणि पोर कुणाकडे बघतेय हे कधी त्याच्या मनात आलं नव्हतं. मग ते खुर्चीत बसले आणि रडले. लाजबिज न धरता, नाक ओढत, मोठ्याने. वेदिका उठली, जवळ जाऊन उभी राहिली, पण तिने हात लावला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, ते कापलेले तुकडे कुठे आहेत? मी सांगितलं, बंबात गेले. मलाही वाईट वाटलं हो, पण गेले ते गेले.

उरलेली फुलपाखरं त्यांनी तिथेच बसून काढली. काही ठिकाणी फोटोचा पापुद्रा निघाला. वेदिकाही दुसऱ्या बाजूने सोलत होती. बापलेक एका टेबलावर बसून काही काम करतायत, असं मी पहिल्यांदाच बघितलं. 

दुसऱ्या दिवशी महिपतराव रिक्षा करून भाट्याला गेले. काय झालं ते मला नंतर मालनवहिनींकडून कळलं. ओटीवर बसले, पुस्तक हरिश्चंद्रांच्या पुढ्यात ठेवलं, मी तुला कापला रे हरी म्हणाले, आणि कन्यादानाला तूच बस म्हणून हात जोडले. हरिश्चंद्रांना त्या फोटोंचं काहीच वाटलं नाही. माझं थोबाड काय बघायचंय, म्हणाले. कन्यादानाला बसायला मात्र ते आधी तयार होईनात. भावोजी, तो तुमचा मान आहे, पोर लहान आहे, मी समजावतो तिला, असं त्यांचं चाललं होतं. महिपतराव ऐकेनात. दोघांची चांगली हुज्जत झाली म्हणे, चहा गार होईपर्यंत. शेवटी हरिश्चंद्र म्हणाले, बसतो, पण एक माणूस दोन ठिकाणी उभा राहणार नाही. नवरीला बोहल्यावर आणायचं मामाचं काम मग तुम्ही करायचं.

लग्नाला मी गेले होते. हॉल भरलेला, सनईची कॅसेट कर्कश लावलेली, दीपककडची हेदवीची माणसं अक्षता घेऊन उभी. बोहल्याजवळ हरिश्चंद्र आणि मालनवहिनी सोवळ्यात. भटजींनी माइकवरून पुकारलं, मुलीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. लोक हरिश्चंद्रांकडे बघायला लागले. ते जागचे हलले नाहीत.

आतल्या खोलीतून महिपतराव तिला घेऊन आले. नवीन धोतर सावरत, पाऊल अजून बोटीवर असल्यासारखं फाकवून टाकत. पिवळ्या साडीतल्या वेदिकाने त्यांचा हात धरला होता, धरला म्हणजे चांगला घट्ट. हे भटजी बैठकीतले नव्हते, नवखे होते, त्यांना काही हे ठाऊक नव्हतं. नवरीच्या मागे कुठे उभं राहायचं ते दाखवून त्यांनी विचारलं, "तुम्हीच मामा ना?"

महिपतराव हो म्हणून मान हलवायला लागले. त्यांच्या आधी वेदिका बोलली.

"नाही," ती म्हणाली, "हे बाबा आहेत माझे."

माइक चालू होता, सगळ्या हॉलने ऐकलं. भटजींनी एकदा दोघांकडे बघितलं आणि अंतरपाट धरायला सांगितला.