धाकट्या सुनेचं दार

पेणला माझ्या तिसऱ्या कादंबरीवर कार्यक्रम होता. पुराणात जिची कुणी दखल घेतली नाही अशा एका बाईची गोष्ट; माझ्या तिन्ही कादंबऱ्या तसल्याच आहेत. शेवटी एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाई, हे मुळात आहे का?" याचं उत्तर मला आता तोंडपाठ झालं आहे. मूळ असं एक नसतंच, प्रत्येक पिढी आपल्याला हवं ते त्यात घालते, वगैरे. टाळ्या पडतात आणि मी खाली बसते. पण हाच प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि शेपूट घालून मोकळी झाले होते. ती गोष्ट आमच्या वरसेच्या घरातली आहे.

वरसे तेव्हा रोह्याबाहेरचं साधं शेतकऱ्यांचं गाव होतं. पावसाळ्यात भात, थंडीत वाल. श्रावणात दिवेलागण झाली की आमच्या पडवीत पोथी लागायची. शेजारचे एक आजोबा ओव्या म्हणायचे आणि दुसरं कुणीतरी साध्या बोलीत अर्थ सांगायचं. अर्थ सांगणाऱ्या मास्तरांची त्या वर्षी बदली झाली. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, म्हणून वडिलांनी मला बसवलं. आजोबा कानांनी ठार बहिरे. माझे ओठ हलायचे थांबले की ते पुढची ओवी धरायचे. मधल्या वेळात मी काय बोलते याचा त्यांना पत्ता नसायचा, आणि ही सोय माझ्या लवकरच लक्षात आली.

खांबाला टेकून धाकटी काकी बसायची. तिचा नवरा, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांनी बडोद्याला कंपनीत लागला आणि त्याने तिथेच दुसरं घर केलं. त्याला नऊ वर्षं झाली होती. काकी आमच्यात राहून लावणी करायची, वाल सोलायची, आणि तिच्यादेखत त्याचं नाव निघायचं नाही. तिचं माहेर जोह्याचं. लग्नाआधी ती तिथल्या कारखान्यात गणपती रंगवायची. पितांबराची किनार ती हात न उचलता ओढायची, असं तिच्या माहेरची माणसं अजून सांगायची.

त्याच दिवसांत मी रोह्याच्या वाचनालयातून एक कादंबरी आणली होती. राजपुत्र वनवासाला निघाला, त्याच्यामागून धाकटा भाऊ गेला, आणि धाकट्याची बायको चौदा वर्षं राजवाड्यात राहिली; तिच्यावर ती कादंबरी होती. ती बाई अख्ख्या कादंबरीत रडते. नवरा परत येतो तेव्हा त्याच्या पायांवर डोकं ठेवते, आणि लेखक वर दोन पानं चांदणं पाडतो. मला संताप आला. चौदा वर्षं, आणि वर चांदणं?

त्या आठवड्यात आमची पोथीही वनवास संपण्यापाशी आली. भाऊ भेटले, आया भेटल्या, नगरात दिवे लागले. धाकट्या सुनेबद्दल पोथीत अवाक्षर नव्हतं. मी अर्थ सांगितला आणि न थांबता तसंच पुढे गेले. म्हटलं, धाकट्या सुनेने मात्र दार उघडलं नाही. नवरा बाहेर उभा होता. ती आतून म्हणाली, जाताना मला विचारलं नाहीत, मग आता येताना कशाला विचारता?

हे कादंबरीतही नव्हतं. माझं मीच रचलेलं होतं.

पडवीतल्या बायांतली एक म्हणाली, "बरं केलं तिनं!" आजोबांनी पुढची ओवी धरली. नंतर प्रसादाचं गूळ-खोबरं वाटताना काकीने मला गाठलं. "मंग शेवटाला उघडलं का गो दार?"

"नाही," मी म्हटलं. मला फार मजा वाटत होती.

दिवाळीनंतर काका आले. तिकडचं मोडलं होतं. इकडे रोह्यात कंपन्या भरती करत होत्या, ओळखीने त्यांचं कामही ठरलं होतं. सुटकेस घेऊन ते पडवीत बसले. वडील, दोन शेजारी आणि पोथीवाले आजोबा असे सगळे जमले. माणूस परत आला हेच नशीब, असा सगळ्यांचा सूर होता. वडिलांनी रीत म्हणून काकीला हाक मारली.

काकी उंबऱ्यात उभी राहिली. "मी यांच्यासंगती नाय ऱ्हाणार," ती म्हणाली. "मला जोह्याला जाऊ दे. कारखान्यात काम हाय. पण तुमी पाठवलंत तरच भाऊ घरात घेल."

तिला एवढंच हवं होतं. सासरने आपल्या तोंडाने 'जा' म्हणायचं. वडील म्हणाले, असं कुठं होतं काय?

"होतं," काकी म्हणाली. "धाकट्या सुनेनं दार उघडलं नाय. पोथीत हाय."

आयुष्यात वडील पोथीच्या पुढे कधी गेले नव्हते. क्षणभर मला खरंच वाटलं, ही सुटली. पण त्यांनी आजोबांच्या कानाशी ओरडून विचारलं. आजोबांनी पोथीचं तांबडं फडकं सोडलं, पुष्कळ वेळ पानं चाळली आणि मान हलवली. "असं काय नाय इथं."

वडील माझ्याकडे वळले. "तू सांगितलंस? मुळात आहे का हे?"

मी म्हणायला हवं होतं की मुळात नाही, मी घातलं, आणि मला ते बरोबर वाटतं. फार तर एक मुस्काटात बसली असती. "कादंबरीत आहे," मी म्हटलं.

आधी शेजारी हसले, मग काका. वडील रागावलेसुद्धा नाहीत. "कादंबरीवर संसार चालत नाय," ते म्हणाले. काकांनी सुटकेस उचलून आत ठेवली. काकी बाजूला सरली, कारण ती वाटेतच उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कोणची गो ती कादंबरी?" मी नाव सांगितलं आणि पुस्तक परत केलंय म्हटलं. ती तिसरी शिकलेली. विषय संपला असं मला वाटलं.

मी शिकायला पेणला गेले, तिथेच नोकरी लागली, लिहू लागले. काकांनी तिला मारलं वगैरे नाही. तिने त्यांना वाढायचं आणि आपण मागच्या पडवीत जेवायचं, एवढंच. माझ्या प्रत्येक कादंबरीत कुणीतरी बाई कुणाच्या तरी तोंडावर दार लावते. लोक त्याला धाडस म्हणतात. मीही म्हणू देते.

पहिली कादंबरी भेट द्यायला मी रोह्याच्या वाचनालयात गेले, तेव्हा तिथले ग्रंथपाल हसून म्हणाले, "तुमच्या काकीही आमच्या सभासद आहेत बरं का. पण एकच पुस्तक. नेतात, आणतात, पुन्हा नेतात. आम्ही ते आता वेगळंच काढून ठेवतो." कोणतं, ते मी विचारलं नाही.

तशीच घरी गेले. काका दुपारपाळीला गेले होते. काकी मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत होती. मी समोर बसले.

"ती कादंबरी वाचतेस?"

"बोट लावून वाचते. दोनदा पयल्यापासनं वाचली," ती म्हणाली. "ते दाराचं पान गावत नाय गो. फाटलं असंल कुणी."

मी तिला सगळं सांगितलं. पोथीत नव्हतं, पुस्तकातही नव्हतं, माझंच होतं. तिचे हात थांबले.

"तुझंच? मंग तवा का नाय तसं बोललीस?"

"बाबांची भीती वाटली, काकी."

तिने एक वाल चिमटीत धरला आणि साल काढून वाटीत टाकला.

"मला बी वाटत व्हती," ती म्हणाली. "मी बोलले ना?"