कासाकाकांची एकच नळी

समजा, सुरम्याचा खडा तुमच्या पुढ्यात आहे. पाट्यावर घेऊन वाटा. खांदा भरून आला तरी वाटा. मग चिमूटभर बोटांत चोळून बघा. खरखर लागली? पुन्हा वाटा.

वाबेतमावशी चाळीस वर्षं हेच करतेय. आमची वस्ती राजांच्या कबरी खोदणाऱ्यांची. इथे बाई असो की पुरुष, मावशीच्या सुरम्याशिवाय कुणी उन्हात पाऊल टाकत नाही. वर्षाच्या तीन ऋतूंसाठी ती सुरम्याच्या तीन नळ्या भरते. पुराच्या दिवसांचा सुरमा पातळ, थंडीचा मध्यम, उन्हाळ्याचा घट्ट, हंसाची चरबी जास्त घातलेला.

तिचे यजमान कासाकाका पाथरवट. दगडाच्या भुकटीनं त्यांचे डोळे कायम लाल. ते गेले पुराच्या दिवसांत, म्हणून मावशीनं त्यांच्यासोबत कबरीत पुराचीच नळी ठेवली. कबर बंद झाली.

परवा गरम वारा सुटला. मावशी डोळ्यांत काडी फिरवता फिरवता थबकली.

"अगं बाई! यांना मी एकच नळी दिली!"

तशीच वाडगा घेऊन निघाली, मी मागोमाग. गेलेल्या माणसाला पत्र पाठवायचं तर आम्ही वाडग्यावर लिहून घेतो. लेखनिक नेखमुत काकांचा मित्र.

"लिही, अहो, माझी चूक झाली."

"वहिनी, जन्मात कधी चूक कबूल केली नाहीत. वाचून दचकेल तो!"

"गप रे, लिही."

"त्यापेक्षा उन्हाळ्याची नळी कबरीच्या दारात ठेवा. घेईल."

"आणि तिकडे थंडी असली तर? चरबी थिजून गोळा होईल."

"मग दोन्ही ठेवा."

मावशीचा आवाज एकदम बारीक झाला. "ठेवीन रे. पण कधी कुठली लावायची, हे त्यांना कुठं कळतं? रोज सकाळी काडी मीच भरून हातात द्यायचे."

नेखमुतनं मान खाली घातली आणि ती सांगेल तसं लिहिलं.

कबरीच्या दारात वाडग्यात भाकरी ठेवून, शेजारी दोन नळ्या मांडून आम्ही परतलो. उत्तर स्वप्नात येतं. म्हणून मावशी आता दुपारचीही आडवी होते. काल उठल्यावर मी विचारलं, "आले का काका?"

"आले. डोळे चोळत बसले होते. बोलले काहीच नाहीत."

आज तिनं नेखमुतला पुन्हा बोलावलंय. या खेपेला वाडग्यावर एकच ओळ हवी आहे: अहो, तिकडे आत्ता कुठला ऋतू चालू आहे?