पारसभाऊ आणि मुदतीआधीची परतफेड

पारसभाऊंच्या टेबलावरून कुठलीही नोंद सहीशिवाय परत आली की समजायचं, आता परीक्षा. ते खुर्ची मागे रेलायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "बेटा, हीच नोंद आता घरच्या बोलीत सांग. तुझ्या आईला सांगितल्यासारखी. इंग्रजी शब्द आला तर चहा तुझ्याकडून."

जळगावच्या त्या पाइप कंपनीत ते हिशेबखात्याचे प्रमुख होते. घर मारवाडी जैनांचं. घरात मारवाडी, बाजारात अहिराणी आणि शेठपुढे अगदी पुस्तकी मराठी. मी फैजपूरची, आमची बोली आणखी निराळी. पण ती त्यांना चालायची. "मला समजली नाही तरी चालेल, तुला समजली पाहिजे," म्हणायचे. पहिल्या वर्षात मी इतके चहा पाजले की कॅन्टीनवाला मला दुरूनच हात करायचा.

कंपनीने तेव्हा कर्जरोखे काढले होते. दहा वर्षांची मुदत, हजाराचा रोखा. व्याज बाजारापेक्षा चांगलं, म्हणून लोक हजाराला हजार पन्नास मोजायला तयार. वरचे पन्नास मी मोठ्या उत्साहाने त्याच वर्षीच्या नफ्यात धरले. पारसभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवघरात चपला घालून गेले होते.

"दहा पंगतींचं तूप पहिल्याच पंगतीत वाढून मोकळी झालीस?" ते म्हणाले. "पुढच्या नऊ पंगती काय कोरडं खातील? हे पन्नास दहा वर्षांत थोडे थोडे वाढायचे. दरवर्षी तेवढा व्याजाचा खर्च कमी दिसेल."

"आणि पाहुणे मध्येच उठले तर?"

"तर उरलेलं तूप त्याच दिवशी हिशेबात घ्यायचं. लपवून ठेवायचं नाही."

मला तो धडा इतका पक्का बसला की अजूनही लग्नात तूप वाढणारा आला की मी कर्जरोखे मोजते.

पुढे व्याजदर उतरले. रोखे मुदतीआधी फेडण्याची मुभा करारात होतीच. जुने फेडून स्वस्त कर्ज घ्यावं, ही कल्पना पारसभाऊंचीच. आमचा कितीतरी खर्च वाचणार होता, शिवाय वरच्या पन्नासांतलं उरलेलं तूप फायद्यात येणार होतं. शेठने पेढे वाटले. पारसभाऊ दोन दिवस गुणगुणत फिरत होते, आणि त्यांचा आवाज गाण्याचा मुळीच नव्हता.

तशात एका दुपारी धुळ्याहून अनसूयाअक्का आल्या. देवपूरला राहणाऱ्या. यजमान गेल्यावर आलेल्या पैशांतून त्यांनी हे रोखे घेतले होते. परतफेडीचं पत्र टेबलावर ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

"भाऊ, मन्ही काय चूक व्हयनी? मी कधी तगादा कया का? मंग मन्हा पैसा कसाले वापस करी ऱ्हायनात?"

पारसभाऊंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. "अक्का, वरना पन्नास रुपया आम्ही तुमले व्याजमाच थोडा थोडा वापस देत उनूत." व्याजदर का उतरले, करारात काय होतं, हातात हजारच का पडणार, सगळं सांगितलं. एक इंग्रजी शब्द नाही. मी मनात म्हटलं, आज भाऊंना पैकीच्या पैकी.

अक्कांनी मान हलवली. "समजनं भाऊ. बठ्ठं समजनं. पन आते मन्हा नावनं व्याज येस, माले कोनले मांगनं पडत नही. हाऊ बठ्ठा पैसा एकदम घरमा उना, ते पोऱ्या दुकानमा टाकी दी. पोऱ्या वाईट नही शे. पन मंग चपलासाठेबी त्यालेच मांगू का?"

 पारसभाऊ कागद सरळ करत राहिले. मला त्यांची फार माया आली.

परतफेड काही थांबणार नव्हती. पैसे अक्कांच्या बँकखात्यात जमा झाले त्या सकाळी पारसभाऊंनी रजा टाकली आणि पहिल्या एसटीने धुळं गाठलं. मलाही बरोबर नेलं, "बाईमाणसाला सोबत" म्हणून. अक्कांना घेऊन बँकेतून थेट देवपूरच्या पोस्टात. सारी रक्कम वयस्कांच्या योजनेत, अक्कांच्या एकटीच्या नावावर. रांगेत त्यांच्याऐवजी भाऊच उभे राहिले.

"अक्का, व्याज पहिलापेक्षा कमी भेटी," त्यांनी बजावलं.

"भेटू दे. मन्हं ते शे."

परतताना पारसभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नोंद बरोबर होती गं. आजही तशीच करीन."  त्यानंतर मात्र कुठलीही परतफेड निघाली की ते आधी यादीतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावायचे आणि पैशाचं पुढे काय करणार ते विचारायचे. शेठ वैतागायचे. भाऊ ऐकायचे नाहीत.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. मी अक्कांना फोनवर कळवलं, पण त्या एवढ्या लांबून येतील असं वाटलं नव्हतं. उठावण्याच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या शोकसभेच्या, दिवशी दारात पाहते तर घामाने डबडबलेल्या अक्का. रिक्षावाल्याकडून सुटे पैसे मोजून घेत होत्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"अक्का, एकट्याच? मुलाने आणून सोडलं असतं ना."

"त्याले काय सांगनं, माय?" पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मन्हा भाऊ गया. तिकीट मन्हं मीच काढं."